गाठ काढली, पण पोट शिवलं कसं?

(महिला आरोग्य शिबिरात एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी चर्चेतले काही प्रश्न दिले आहेत.)

आपल्या शिबिरांत आपण पाळीबद्दल बोलतो, अंगावरून जाण्याबद्दल बोलतो, अंग बाहेर येण्याबद्दल बोलतो. आज मी पोटाच्या भिंतीबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. वस्तीत आरोग्याचं काम करणारी कार्यकर्ती आहे, आणि एकाच व्रणावर तीन वेळा सुरी चाललेली बाई आहे. जे सांगणार आहे ते काही अंगावर आलेलं आहे, आणि काही मला नीट समजावून सांगणाऱ्या एका सर्जनबाईंकडून शिकलेलं आहे.

माझं सिझेरियन झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा व्रणाच्या डाव्या टोकाशी सुपारीएवढी गाठ हाताला लागायला लागली. पाळीच्या आधी दोन दिवस ती ठणकायची. मुलगी मांडीवर चढताना तिचा पाय लागला तर डोळ्यांसमोर अंधारी यायची. पाळी संपली की दुखणं उतरायचं, आणि मी पुन्हा कामाला लागायचे.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला टाका पिकलाय. दुसऱ्यांनी सांगितलं, हर्निया आहे. तिसरे म्हणाले, तुम्ही फार विचार करता. पाळीशी याचा काही संबंध आहे का, असं तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, कारण मला वाटायचं पाळीचं दुखणं वेगळं, हे वेगळं. मी दुसऱ्या बायांना पाळीची माहिती देत हिंडत होते, आणि स्वतःच्या पोटावरची गाठ दर महिन्याला काय सांगते आहे हे मला कळत नव्हतं.

शेवटी एका खाजगी दवाखान्यात हर्निया म्हणून ऑपरेशन झालं. उघडल्यावर हर्निया नव्हताच. गाठ होती, ती काढली आणि टाके घातले. घरी जाताना हातात दिलेल्या कार्डावर दोन शब्द होते, ‘गाठ काढली’. ती कसली होती, पूर्ण निघाली का, तपासायला पाठवली का, काहीच नाही. दीड वर्षात गाठ परत आली, आधीपेक्षा मोठी.

दुसऱ्या वेळी मी सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या सर्जनबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘पाळीच्या वेळी जास्त दुखतं का?’ मला रडू आलं. साडेपाच वर्षांनी कोणीतरी तो प्रश्न विचारला होता.

हा आजार आहे काय

गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं ते दर महिन्याला जाड होतं आणि पाळीत गळून बाहेर पडतं. तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर कुठे रुजल्या की त्या आजाराला एन्डोमेट्रिऑसिस म्हणतात. बहुतेक वेळा तो ओटीपोटात, बीजकोशांवर असतो. पण सिझेरियनमध्ये गर्भाशय उघडलं जातं, तेव्हा काही पेशी पोटाच्या जखमेत पडून तिथेच रुजतात, असं मानलं जातं. बीजकोशातली संप्रेरकं त्यांच्यापर्यंतही पोचतात. त्याही फुगतात, त्यांच्यातूनही रक्त येतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग भोवती सूज येते, कठीण व्रण धरतो आणि गाठ वाढत जाते.

कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या व्रणात, दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या छिद्रात, बाळंतपणात खाली घातलेल्या टाक्यांतही अशी गाठ सापडलेली आहे. क्वचित काही ऑपरेशन झालेलं नसतानाही बेंबीत सापडते. ऑपरेशननंतर काही महिन्यांत दिसू शकते किंवा कित्येक वर्षांनीही. आणि एक लक्षात ठेवा. सगळ्याच जणींना ती पाळीबरोबर दुखते असं नाही. काहींना कायम दुखते. तिथेच डॉक्टरही फसतात.

हा आजार दुर्मीळ आहे. सिझेरियन झालेल्या शंभर बायांत एकीलाही तो होत नाही. पण सिझेरियनं किती होतात ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली होती. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हा आकडा १७.२ टक्के होता. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, आणि खाजगीत ४७.४ टक्के. खाजगीत जाणाऱ्या जवळजवळ दर दुसऱ्या बाईचं पोट उघडलं जातं. सिझेरियनने आई वाचते, बाळ वाचतं, त्याला माझा विरोध नाही. माझी मुलगी त्यामुळेच आहे. पण गरज नसताना झालेल्या प्रत्येक सिझेरियनबरोबर अशा व्रणांची संख्या वाढते, आणि त्या व्रणांची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही.

भिंतीचे थर

सर्जनबाईंनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं, तसं मी तुम्हाला फळ्यावर काढून दाखवते. पोटाची भिंत गोधडीसारखी थराथरांची असते. वर कातडी. तिच्याखाली चरबी. मग एक पांढरं, चिवट आवरण, त्याला डॉक्टर ‘शीथ’ म्हणतात. त्याच्याखाली उभे स्नायू. आणि सगळ्यात आत, आतड्यांना लागून, पातळ पडदा. पोट धरून ठेवण्याची ताकद कातडीत नसते, चरबीत नसते. ती मुख्यतः त्या पांढऱ्या आवरणात असते.

बेंबीच्या वर हे आवरण स्नायूच्या पुढूनही असतं आणि मागूनही. बेंबीच्या बरंच खाली, जिथे सिझेरियनचा आडवा छेद घेतात, तिथे ते फक्त पुढूनच असतं. मागे नुसते पातळ पडदे. म्हणजे आपली गाठ नेमकी अशा जागी असते, जिथे आवरणाचा एकच थर पोट सांभाळतो. आणि गाठ बहुधा त्या आवरणालाच चिकटलेली असते, कधी स्नायूतही शिरलेली असते.

आता माझं पहिलं ऑपरेशन का फसलं ते तुमच्या लक्षात येईल. ही गाठ लिंबाच्या बीसारखी टुपकन निघत नाही. तिला सालपट नसतं, तिच्या मुळ्या आजूबाजूला गेलेल्या असतात. म्हणून ती तुकड्यातुकड्याने काढायची नसते, एकसंध काढायची असते, आणि तिच्याभोवतीचा साधारण एक सेंटिमीटर चांगला भागही बरोबर घ्यायचा असतो. आवरणाला चिकटली असेल तर आवरणाचा तेवढा तुकडा काढावा लागतो. स्नायूत असेल तर स्नायूचाही. आत राहिली तर ती परत येऊ शकते. माझी आलीच.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी, मी जागी असतानाच, बाईंनी मला बोट ठेवून जागा दाखवायला सांगितली आणि तिथे पेनने खूण केली. भूल दिल्यावर दुखतंय कुठे हे कोण सांगणार?

खरा प्रश्न इथे सुरू होतो

गाठ पूर्ण निघाली, पण आता भिंतीला भोक पडलं. ते बुजवायचं कसं? बहुतेक वेळा आपल्याशी बोलणं ‘गाठ काढू’ इथेच थांबतं. पण पुढची वीस-तीस वर्षं बाई जगते ती या दुसऱ्या अर्ध्या ऑपरेशनवर. भिंत नीट बांधली गेली नाही तर पोट फुगतं, हर्निया होतो, आणि तिसरं-चौथं ऑपरेशन मागे लागतं.

भोक बुजवण्याचे मार्ग सोप्या शब्दांत सांगते.

पहिला मार्ग, कडा जुळवून शिवणं. भोक लहान असेल आणि दोन्ही कडा ओढाताण न होता जवळ येत असतील तर हेच चांगलं. किती सेंटिमीटरपर्यंत हे जमतं याचा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. बघायचा असतो तो ताण. तुम्ही ब्लाउज शिवता. कापड कमी पडलं आणि ओढून शिवण घातली तर पहिल्यांदा हात वर केला की ती तिथेच उसवते. पोटाचंही तसंच. हे टाके बरेच आठवडे ताकद धरणाऱ्या, सावकाश विरघळणाऱ्या किंवा न विरघळणाऱ्या दोऱ्याने घालतात.

दुसरा मार्ग, जाळी. कडा जवळ येत नसतील किंवा आल्या तरी ताण पडत असेल, तर ठिगळ लावतात तशी जाळी लावतात. ती साधारणपणे पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या धाग्यांची असते. हर्नियासाठी ती अनेक दशकांपासून वापरात आहे. हळूहळू तिच्या छिद्रांतून आपलंच मांस वाढतं आणि ती भिंतीचा भाग होऊन जाते. ती आवरणाच्या वर लावता येते, नाहीतर स्नायूच्या मागे. मागे लावली तर पोटातल्या दाबाने ती भिंतीला टेकून बसते, पण ते काम जास्त वेळाचं आणि कसबाचं असतं. आतला पातळ पडदा बंद होत नसेल आणि जाळी आतड्याला लागणार असेल, तर साधी जाळी चालत नाही, कारण आतडं तिला चिकटू शकतं. तेव्हा आतल्या बाजूला न चिकटणारा थर असलेली जाळी लागते. ती महाग असते, हेही आधी कळायला हवं.

जाळीचे तोटेही आहेत. जखमेत पाणी साठू शकतं, म्हणून काही दिवस नळी ठेवतात. जाळीला जंतुसंसर्ग झाला तर प्रकरण चिघळतं, कधी ती काढावी लागते. काहींना ताठरपणा किंवा दुखणं राहतं. म्हणून गरज नसताना जाळी नको, आणि गरज असताना ती टाळणंही नको.

तिसरा मार्ग फार मोठ्या भोकासाठी. त्यात पोटाच्या बाजूचे थर एकमेकांपासून सोडवून, सैल करून मध्ये सरकवतात. कधी प्लास्टिक सर्जनची मदत घेऊन दुसरीकडचं मांस आणून झाकतात. अशी वेळ क्वचित येते, आणि बहुधा उशीर झाल्यामुळे येते. गाठ सुपारीएवढी असताना ओळखली तर साध्या टाक्यांवर भागतं. माझी दुसऱ्या वेळी जवळजवळ लिंबाएवढी झाली होती. आवरणाचा मोठा तुकडा गेला, आणि मला जाळी लागली.

गोळ्यांनी भागत नाही का, असं विचारतात. संप्रेरकांच्या गोळ्या-इंजेक्शनांनी दुखणं दबतं, गाठ थोडी आकसूही शकते. ऑपरेशन पुढे ढकलायचं असेल तेव्हा त्यांचा उपयोग होतो. पण गाठ त्यांनी जात नाही. औषध थांबलं की दुखणं बहुधा परत येतं.

गर्भाशय काढा, म्हणजे सुटाल

मैत्रिणींनो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाळीबरोबर दुखतं म्हटलं की आपल्याकडे एक उत्तर तयार असतं. पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड बायांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर जे आलं त्यानुसार पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून जास्त बायांचं गर्भाशय काढलेलं होतं.

आता विचार करा. गाठ आहे पोटाच्या भिंतीत. ती चालते बीजकोशाच्या संप्रेरकांवर. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबेल, पण गाठ तिथेच राहील आणि दुखतही राहील. पोटावरच्या व्रणातल्या गाठीसाठी कोणी गर्भाशय काढायला सांगितलं तर थांबा, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आणि संमतीबद्दल. एका बाईला तपासणीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले. कारण सांगितलं एन्डोमेट्रिऑसिस. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही. जीव वाचवायची तातडी नसेल तर सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबलं पाहिजे. तिच्याऐवजी नातेवाइकांची सही चालत नाही. मग जाळीचं काय? आपल्या अंगात कायमची राहणारी वस्तू ठेवायची, तर तेही आधी आपल्याला सांगायला नको का?

विश्रांती कोणाच्या जिवावर

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतात, सहा आठवडे ते तीन महिने जड उचलू नका. भरलेला हंडा दहा-बारा किलोच्या वर जातो. लहान पोर तेवढंच. गवताचा भारा त्याहून जास्त. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई मजुरीवर जाणारी होती. ती मला म्हणाली, ‘तीन महिने बसले तर खाणार काय?’ तिला कोणी विचारलंच नव्हतं की ती काम काय करते. पण ती घरी जाऊन काय उचलणार आहे, तिला पुढे मूल हवं आहे का, तिला खोकला आहे का, यावरून भिंत कशी शिवायची ते ठरायला हवं. बाईचं काम हा वैद्यकीय प्रश्नच आहे.

म्हणून आपल्या गटांनी दोन कामं करावीत. एक, ऑपरेशन झालेल्या बाईच्या घरी पाण्याची आणि जड कामाची पाळी लावून घ्यावी. माझ्या वेळी गटातल्या चौघींनी दीड महिना पाणी भरलं. नवऱ्यानेही भरलं, पण चौघी आल्यावर. दुसरं, खालचे प्रश्न छापून प्रत्येक वस्तीत द्यावेत.

१. ही गाठ हर्निया आहे, टाका आहे की एन्डोमेट्रिऑसिस? सोनोग्राफी कशासाठी, एमआरआयची किंवा सुईच्या तपासणीची गरज आहे का?
२. गाठ आवरणात किंवा स्नायूत शिरली आहे का?
३. ती एकसंध काढणार का? भोवतीचा भाग किती घेणार?
४. भोक कसं बुजवणार? जाळी लागली तर कोणती, कुठे लावणार, खर्च किती? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं? (रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.)
५. गरज पडली तर सर्जनच्या मदतीची सोय इथे आहे का?
६. गाठ तपासणीला पाठवणार का? रिपोर्ट मला मिळेल का? (अशा गाठीत कर्करोग फार क्वचित सापडतो, पण तपासणी टाळू नये.)
७. किती दिवस काय उचलायचं नाही?

आणि कागद मागा. ऑपरेशनच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर २००२ सालच्या आचारनियमांनी बंधनकारक आहे. माझ्या पहिल्या ऑपरेशनची नोंद मागायला मी गेले तेव्हा फार उशीर झाला होता, कागद सापडले नाहीत. तुम्ही उशीर करू नका.

चर्चेतून

*जाळी बसवल्यावर मूल होऊ शकतं का?*
होऊ शकतं. पण पोट वाढताना त्या जागी ओढ आणि दुखणं जाणवू शकतं. म्हणून मूल हवं असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगा. भोक लहान असेल तर नुसत्या टाक्यांचा विचार आधी होतो. पुढच्या बाळंतपणात डॉक्टरांना जाळीचं कार्ड दाखवायचं.

*परदेशात जाळीवर बंदी आली ना?*
अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये, अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. बायांच्या तक्रारींमुळे ते झालं. ती जागा वेगळी, तो वापर वेगळा. पोटाच्या भिंतीच्या जाळीवर अशी बंदी नाही. पण त्यातून शिकायचं ते हे की त्रास होत असेल तर तो लिहून ठेवा आणि सांगत राहा.

*सिझेरियनच्या वेळीच हे टाळता येतं का?*
काही डॉक्टर गर्भाशय शिवलेली सुई पोट शिवायला वापरत नाहीत, बंद करण्याआधी जखम धुऊन घेतात. यांनी आजार नक्की टळतो असं सिद्ध झालेलं नाही, पण यात खर्च नाही आणि अपायही नाही. विचारायला हरकत नाही.

*माझ्या व्रणावर गाठ आहे, पण दुखत नाही.*
तरी दाखवा. आणि दोन-तीन महिने कॅलेंडरवर पाळीच्या तारखा आणि गाठीचं दुखणं शेजारी शेजारी लिहा. जाताना ते कॅलेंडर घेऊन जा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते त्यांच्या टेबलावर ठेवा.